अर्ध्या पुलावरची मुलगी

“ते सगळं खरं, बाबा. पण नेमकं कुणाला द्यायचं?”

सर्वेश माणगावेने पुन्हा तेच विचारलं. नदीकाठच्या तकियात, आपल्या मठीत, फकीर दस्तगीरबाबा उन्हाला पाय पसरून बसले होते.

प्रश्न वर्गणीचा होता. मोबाइलवरचे खेळ एकट्याने बनवणारी माणसं असतात, पाठीशी ना कंपनी ना शेठ. सर्वेशसारखे शौकीन त्यांना दरमहा वर्गणी देतात, त्यावर त्यांची चूल पेटते. महिनाअखेरीस किती काम झालं ते दाखवायचं, अशी रीत. या रीतीचा सर्वेशला कोण अभिमान! पारख करावी तर आपणच, अशा तोऱ्यात तो इंटरनेटवर लिहायचा आणि त्याच्या शब्दावर लोक वर्गणी सुरू करायचे, बंद करायचे.

“आजवर कसं ठरवलंस?” बाबांनी विचारलं.

“जो काम दाखवेल त्याला द्यायचं. सबबी सांगेल त्याची बंद.”

“मग आता कुठं अडलं?”

सर्वेशची ताठ मान जराशी खाली आली.

“मिरजेची एक मुलगी होती, सुगंधा. तिनं कळवलं, आई दवाखान्यात आहे, या महिन्यात दाखवण्यासारखं काही नाही. मी सगळ्यांसमोर लिहिलं... आई सगळ्यांनाच असते.”

“मग?”

“माझ्यामागोमाग सगळ्यांनीच हात आखडता घेतला. तिनं औषधपाण्यासाठी कॉम्प्युटर विकला. आई तरीही गेली. आता ती माझा फोन उचलत नाही.”

बाबांनी पसरलेले पाय जवळ घेतले.

“म्हणून तुमच्याकडे आलो. यावेळी माणूस निवडताना चूक नको व्हायला.”

“तिचा खेळ आहे तुझ्यापाशी?”

“आहे. अर्धाच.”

“दाखव.”

खेळात एक परकरी पोर होती, हातात कंदील. घरात आई तापाने फणफणलेली, आणि वैद्य नदीपलीकडे. बाबांनी बोटाने पोरीला चालवलं. अंगण गेलं, बाभळी गेल्या, पूल आला. मध्यावर पूल संपला. पुढे नुसता कोरा पडदा.

पोर तिथेच थांबली. थोड्या थोड्या वेळाने ती कंदील उंच धरून पुढे बघायची. तेवढं सुगंधाने करून ठेवलं होतं.

सर्वेशला ते बघवेना.

“यापुढे काही नाही, बाबा. बंद करा ते. आता नवीन कुणाला द्यायचं, तेवढं सांगा.”

त्याने फोनसाठी हात पुढे केला. बाबांनी फोन दिला नाही. तळहातावर ठेवून त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

पोरीने पुन्हा कंदील उचलला...

“सांगतो,” बाबा म्हणाले. “आधी हिला सांगून ये, की पूल काही व्हायचा नाही.”