सुभानाची सव्वा महिन्याची रजा

उंबरपाट नावाच्या गावात सुभाना नावाचा एक पाटकरी राहत असे. राजाच्या कालव्याची दारं उघडायची आणि पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या शेतात पाणी सोडायचं, हे त्याचं काम. त्याच्या बायकोचं नाव हौसा. दोघांचेही आई-वडील उरले नव्हते. त्यामुळे हौसाला मुलगी झाली तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला आणि बाळंतिणीला गरम दोन घास करून द्यायला घरात सुभानाशिवाय कोणी नव्हतं. त्यात बाळंतपण जड गेलेलं. सुईण जाताना बजावून गेली, "सव्वा महिना हिला उठू देऊ नको, बाबा."

सुभाना म्हणाला, "न्हाई उठू देत. राजाची रजा हाय ना!"

ती रजा खरीच होती. राजाला स्वतःला मुलगा झाला तेव्हा तो मोहिमेवर होता. परत आला आणि त्याने पोराला उचललं, तर पोराने परका माणूस समजून भोकाड पसरलं. ते रडणं राजाच्या जिव्हारी लागलं. त्याने फर्मान काढलं: 'आमच्या चाकरीतल्या ज्या कुणाला मूल होईल, त्याने सव्वा महिना घरी राहावे. पगार खजिन्यातून मिळेल.' झालं, एवढंच. राजा मोठा भला माणूस. त्याचं चुकलं इतकंच, की ते फर्मान त्याने कचेरीत पाठवलं.

तालुक्याच्या कचेरीत भानुदास नावाचा कारकून होता. तो लाच घेत नसे, उशिरा येत नसे, कुणावर आवाज चढवत नसे. म्हणजे त्याच्यावर रागवायचं तर निमित्तही सापडू नये. एखाद्या खोट्या बापाने राजाला फसवू नये, एवढीच त्याला काळजी. त्या काळजीपायी त्याने दोन ओळींच्या फर्मानाला बावीस कलमं जोडली.

तिसऱ्या दिवशी सुभाना दोन कोस चालत कचेरीत गेला आणि त्याने अर्ज पुढे केला. भानुदासने हात मागे घेतला.

"घरात सोयर आहे ना? दहा दिवस तुझ्या हातचा कागद चालणार नाही. दफ्तरात गणपती आहे."

सुभाना अकराव्या दिवशी पुन्हा गेला.

"अर्ज दहा दिवसांच्या आत यायला हवा होता," भानुदास म्हणाला. "उशीर का केलास?"

"तुम्हीच म्हणाला न्हवं साहेब, धा दिवस येऊ नको म्हणून!"

"मग तसा पाटलांचा दाखला आण. आणि मुलीचं नाव लिहिलेलं नाही."

"बारसं उद्या हाय, साहेब. त्याच्या आधी नाव कसं ठिवायचं?"

"ते तुझं तू बघ. रकाना रिकामा चालत नाही."

बारसं झालं. मुलीचं नाव ठेवलं कृष्णा. नाव आलं तर पाटील लग्नाला परगावी गेलेले. पाटील आले तर दाखल्यावर शिक्का उमटला नाही. शिक्का उमटला तर भानुदास म्हणाला की शाई निळी हवी होती. रोज सकाळी सुभाना कण्या शिजवून ठेवी, हौसाच्या उशाशी तांब्या भरून ठेवी आणि दोन कोस तुडवी. घरी परतून बघे, तर हौसा भिंत धरधरून चुलीशी गेलेली. आणि मुलगी पहिल्यांदा हसली, तेव्हा तिच्यासमोर पाणी भरायला आलेली शेजारीण होती. सुभाना त्या वेळी कचेरीच्या ओट्यावर बसून निळी शाई वाळण्याची वाट बघत होता.

त्याच ओट्यावर त्याला गुणाजी भेटला. हा सरकारी गोदामाचा राखणदार. त्याचा अर्ज एका दिवसात मंजूर झाला होता, आणि तो पगार घ्यायला आला होता.

"तुझा कसा काय झाला, बाबा?" सुभानाने विचारलं.

"मी लिवून दिलं, आमच्यात सोयर पाळत न्हाईत. आमच्यात नाव पाचव्याच दिशी ठिवत्यात." गुणाजीने आवाज खाली आणला. "कागद जुळला म्हंजी झालं. तू पोरगी दोन आठवडं उशिरा झाली म्हणून लिव. कोण बघतंय?"

सुभानाचा हात क्षणभर अर्जाकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला.

"लेकीच्या नावानं पहिलाच कागद करायचा, आणि त्यो बी खोटा? न्हाई जमायचं."

"मग बस वाळत," असं म्हणून गुणाजी निघून गेला.

अखेर सगळे कागद जमले. निळी शाई, दाखला, नाव, सगळं. सुभाना हरखून अर्ज देऊन आला. दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायला गेला, तर भानुदासने अर्जावर तांबडी रेघ ओढलेली.

"काल आमचा तपासनीस तुझ्या घरी गेला होता. बाप घरी आढळला नाही. रजा घरी राहण्यासाठी असते, सुभाना."

"आवं, मी हितं होतो! तुमच्याच म्होरं हुबा होतो!"

"हो. मी स्वतः पाहिलं तुला," भानुदास शांतपणे म्हणाला. "म्हणून तर खात्रीने सांगतो, तू घरी नव्हतास."

सुभाना संतापाने बाहेर पडला. तो ओट्यावर येऊन बसला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

सव्वा महिना उलटला. इकडे भानुदासने राजाला अहवाल धाडला: 'रजेसाठी अर्ज एकोणचाळीस. नामंजूर अडतीस. मंजूर एक, तो बिनचूक.' राजाला वाटलं, असा बिनचूक बाप आहे तरी कोण, त्याचा सत्कार करावा. तो शाल, श्रीफळ आणि बाळासाठी चांदीचे वाळे घेऊन तालुक्याला आला. कचेरीसमोर मांडव पडला. गुणाजीला पाळण्यासकट आणलं. सत्कार कोणाचा होतो ते बघायला सगळा तालुका लोटला. सुभानाही आला, आणि बापापाशी लेकीला दोन घटका तरी राहू दे, म्हणून हौसाही तिला घेऊन मागोमाग आली.

राजा पाळण्यापाशी गेला. गुणाजी लगबगीने आडवा आला.

"महाराज, तोंड बघू नका. दृष्ट लागंल. तपासनीसायबांनी बी बघितलं न्हाई."

"राजाची दृष्ट लागत नाही," राजा हसून म्हणाला आणि त्याने कुंची बाजूला केली.

कुंचीत वरवंटा होता. बारशाला बायका पाळण्यात घालतात तसा, काजळ-तीट लावलेला, चांगला वजनदार वरवंटा. आईच्या नावाचा रकाना अर्जात नव्हताच. गुणाजीचं तर अजून लग्नही झालेलं नव्हतं.

"भानुदास, हे काय?" राजाने विचारलं.

भानुदासने घाईघाईने दफ्तर उघडलं, पानं उलटली. "महाराज, कागद पुरे आहेत. बावीसच्या बावीस कलमं."

एवढ्यात मांडवाच्या कडेला एक तान्हं मूल रडू लागलं.

"आणि ते कोणाचं?"

"सुभाना पाटकऱ्याचं, महाराज. त्याचे कागद अपुरे आहेत."

राजा तिकडे गेला. सुभानाने मुलीला हौसाकडून घेतलं, छातीशी धरलं, थोपटलं. ती आणखीच जोरात रडू लागली. हौसाने परत घेताच गप्प झाली. राजाने ते रडणं ओळखलं. त्याचा चेहरा उतरला.

"लेक मला वळखत न्हाई, महाराज," सुभाना म्हणाला. "तुमची रजा मागता मागता माझी रजा सरली."

राजा म्हणाला, "तुझा सव्वा महिना आजपासून धर. तोवर कालव्याची दारं गुणाजी उघडेल, आणि खाल्लेला पगार त्या कामातून फेडेल."

"पण महाराज," भानुदास पुटपुटला, "एका मुलीवर दोनदा रजा द्यायची, तर तेविसावं कलम…"

राजाने वरवंटा उचलून त्याच्या हातात ठेवला. "हे बाळ तू मंजूर केलंस ना? मग सव्वा महिना तूच जोजव. पाळणा थांबता कामा नये. तपासनीस कधीही येईल."

सुभाना मात्र घरी गेला. त्याने बंब पेटवला, हौसाला निजवलं, मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. तीन-चार दिवस ती त्याच्या हातात रडतच होती. पाचव्या दिवशी तो तोंडावर पाणी ओतत असताना तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि ती हसली. तिथे हौसाशिवाय कोणी नव्हतं.

तात्पर्य: खोट्याला सगळे रकाने भरता येतात, कारण त्याला दुसरं काही सांभाळायचं नसतं. माणसाच्या सुखासाठी केलेला नियम माणसाकडे बघूनच चालवावा. नुसता कागद बघणाऱ्याला वरवंटा आणि बाळ यांतला फरक कळत नाही.