प्रॉक्सीआजोबांना कोण सांगणार?

आटपाट सर्व्हर होता. दारात बसलेले प्रॉक्सीआजोबा बाहेरच्यांचे निरोप आतल्या ॲप्सच्या खोल्यांत पोचवत आणि उत्तरं आणून देत. त्यांना काही सांगायला जायचं नाही, हा तिथला नियम होता.

निकाल सांगणारी सई ॲप्समध्ये सगळ्यांत धाकटी. जुनी खोली पुरेना म्हणून ती नव्या खोलीत राहायला गेली. निकालाच्या दिवशी आजोबा जुन्याच खोलीचं दार ठोठावून येत आणि रडकुंडीला आलेल्या मुलांना सांगत, "आत कुणी नाही."

"तूच परत जुन्या खोलीत जा," हजेरी घेणारे, ॲप्समधले थोरले काका म्हणाले. "या वयात आजोबांना नवा पत्ता शिकवणार आहेस का?"

"मी नाही जाणार, काका," म्हणत सई थेट दाराशी गेली. "आजोबा, मी आता पलीकडच्या खोलीत असते."

"असं होय? मग सांगायचंस ना, पोरी. मला इथे कुणी काही सांगतच नाही."