धगाईची धाकटी चूल

धगाईच्या देवळामागं पत्र्याच्या आडोशाला दोन चुली दिसतात ना, त्यातली मोठी सगळ्यांना कळते. जत्रेचा हंडा तिच्यावर चढतो. तिच्या कुशीला ती धाकटी, वीतभर तोंडाची, काळीकुट्ट. शहरातली पाहुणेमंडळी हमखास विचारतात, ही चहाची का? चहाची नाही. चहा हवा असेल तर खाली स्टँडवर टपरी आहे, तिथं प्या. ह्या चुलीवर साधं आधणसुद्धा ठेवायचं नाही. जत्रेच्या दिवशी आधी ती पेटते, मग मोठी. धाकटी पेटल्याशिवाय मोठीला काडी लावायची कुणाची छाती नाही. का, ते ऐका. घाई असेल तर दर्शन घेऊन निघा, ही हकिगत अर्धी सांगायची पद्धत नाही.

ह्या आमच्या तांबडदऱ्याचं तिखट पूर्वी पंचक्रोशीत नावाजलेलं होतं, असं सांगतात. माती मुरमाड, पाऊस बेताचा, पिकायची ती मिरचीच. उन्हाळ्यात माळावर वाळत घातली की लांबून गुलाल सांडल्यासारखं दिसायचं म्हणे. तिची घरोघरी चटणी व्हायची. चटणी म्हणजे इकडं कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट, तुमची इडलीबरोबरची नव्हे. रांधणारीनं कालवणात ती गावाच्या मापानं घालायची आणि जेवणाऱ्यानं नाक पुसत, कान लाल करून मुकाट जेवायचं. कुणी मधेच पाणी मागितलं की पंगत हसायची. एखादा नवा जावई पानावर रडला तर गावाला कोण आनंद. सगळी शेखी त्यातच होती.

फिकं शिजायचं ते एकाच घरी, जिथं मयत झालं असेल तिथं. सुतकात फोडणी नाही, चटणी नाही. त्यामुळं लोकांच्या मनात पक्कं बसलेलं, की फिकं रांधलं की ती चूल मरण बोलावते. सकाळ-संध्याकाळ घराघरातून फोडणीचा ठसका उठायचा. ज्या घरातून तो उठला नाही त्या घरात कुणीतरी गेलं असं गाव धरून चालायचं.

ह्या गावात देवीच्या चटणीचा मान एका घराकडं होता, आणि त्या घरात ठकूबाई म्हणून मानकरीण होऊन गेली. बाई हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. तिनं मुसळ उचललं की आळीतली कुत्री लांब जाऊन बसायची. तिची एक हकिगत अशी सांगतात, की पटकीच्या साथीत तिची पोरं गेली आणि शेवटचा धोंडी तेवढा अंथरुणावर धुगधुगत राहिला. तेव्हा ती धगाईपुढं उभी राहून बोलली, ‘एवढा ठेव. जिती हाय तवर तुझी चटणी मी कुटीन. तुझ्या पानात जे कालवण, तेच माझ्या पानात. त्याला लावल्याबिगर भाकरीचा तुकडा गिळायची न्हाई.’ धोंडी वाचला. ठकूबाईनं शब्द पाळला. सणाला, उपासाला, माहेरी गेली तरी देवीच्या चटणीची पुरचुंडी तिच्या ओटीत असायची.

धोंडीची बायको गोजरा. ती नदीकाठच्या गावची, तिकडं भाजीत चिमूटभर तिखट घातलं की झालं. लग्नानंतर पहिल्या घासाला तिला अशी उचकी लागली की पदर भिजला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ठकूबाई हसली नाही. उठली, गुळाचा खडा आणून सुनेच्या हातावर ठेवला आणि परत आपल्या पानावर जाऊन बसली. गोजराला आई नव्हती. त्या खड्यापासून ती सासूची झाली. मिरची कुठवर भाजायची, तीळ कधी उतरायचे, खोबरं कुठल्या रंगावर थांबवायचं, सगळं ती त्या म्हातारीच्या हाताखाली शिकली. पुढं पुढं तिला तिखटाची सवयही झाली. निदान झाली असं ती म्हणायची.

मग एका वर्षी ठकूबाईला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंड सोलून गेला. जिभेवर फोड, गालफडं आतून लाल. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडात घातला की डोळ्यांतून धारा लागायच्या. म्हातारी तुकडा परत पानात ठेवायची, हात धुवायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. दूध दिलं तर नको. पेज दिली तर नको. धोंडी पाया पडला. ‘आई, ज्याच्यासाठी शबूद दिलास त्यो मीच न्हवं, मीच म्हणतो खा,’ म्हणाला. ती म्हणाली, ‘शबूद तुला दिलेला न्हाई.’

शेजारणी येऊन बघून जायला लागल्या. ‘पिकलं पान हाय, गोजरे, जीव लावू नगंस,’ असंही कुणी सांगितलं. गोजरा तेव्हा चुलीपुढं बसली होती. ती वळली नाही, पण बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. ‘माझ्या घरात चटणी हाय, पीठ हाय, आन् माझी आत्याबाई उपाशी मरंल? मी मरू द्यायची न्हाई.’

इथून गोजराचा हट्ट सुरू झाला. आधी तिनं कालवणात पाणी वाढवलं. कालवण पांचट झालं, तिखटाचा ताठा होता तसाच. मग गूळ घातला. म्हातारीनं नुसत्या वासावर ओळखलं आणि पान सरकवलं. दाण्याचं कूट घातलं, त्यानं धार जरा बोथट झाली, पण सोललेल्या तोंडाला बोथट काय नि धारदार काय. तूप सोडलं. शिळी भाकरी कुस्करून आत शिजवली आणि पिळून काढली. वरचा लाल तवंग पळीनं काढून टाकला, तेव्हा मात्र तिला दिसलं की निम्मं तिखट ह्या तेलावर बसून असतं. निम्मं खाली मुरलेलं, ते काही निघेना. एकदा घातलेली चटणी परत काढता येत नाही, हे तिला त्या दिवसांत कळलं. आज तुमच्या घरात भाजी जहाल झाली की तुम्हीही हेच सगळं करता. करून बघा, उत्तर तेच मिळेल.

शेवटी तिनं नको ते केलं. दार लोटून घेतलं आणि चटणीचा कणही न घालता कालवण रांधलं. रंग यावा म्हणून भाजलेल्या कांद्याचा काळपटपणा दिला. ठकूबाईनं बोट बुडवून चाखलं. सुनेकडं बघितलं. ‘जित्तेपणी मला सुतकाचं घालतीस?’ एवढंच विचारलं आणि ताटली उपडी केली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण त्या सकाळी घरातून ठसका उठला नव्हता. गावानं समजायचं ते समजून घेतलं. उन्हं वर यायच्या आत दारात माणसं जमली. कुणी गोवऱ्या आणल्या, कुणी बांबू तोडून आणले, ठकूबाईची जाऊ उंबऱ्यावर बसून गळा काढायला लागली. पाटलानं धोंडीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘लई सोसलं म्हातारीनं.’ एवढ्यात आतून ठकूबाई कोपरावर उठली आणि खणखणीत आवाजात विचारती झाली, ‘कोण मेलंय?’

रडणारी गप्प झाली. गोवऱ्यावाले मागल्या मागं सरकले. आज आपण हसतो, पण त्या म्हातारीनं स्वतःच्या तिरडीचे बांबू स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. त्या दिवसापासून तिनं पाणीही घोटभरच घेतलं. गोजरा तिच्या पायाशी बसून रडली, मनसोक्त रडली, आणि मग डोळे पुसून उठली. धगाईची जत्रा तोंडावर आली होती. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, म्हणजे नैवेद्याचा मान यंदा सुनेकडं.

तिचा विचार सरळ होता. म्हातारीचा शब्द देवीच्या पानाशी बांधलेला. तो मोडायचा नाही, तर देवीच्या पानाकडंच जायला हवं. आणि घातलेली चटणी काढता येत नसेल, तर ती आधी घालायचीच नाही. वेगळी ठेवायची.

जत्रेच्या सकाळी तिनं मोठ्या चुलीला हात लावला नाही. शेजारी तीन दगड मांडून नवी धाकटी चूल केली आणि पहिली काडी तिला लावली. तिच्यावर मातीच्या बोळक्यात तेल तापवून अख्ख्या वर्षाची राखलेली चटणी सोडली. असा ठसका उठला म्हणे, की माळावरचा वाजंत्री सनई सोडून खोकायला लागला. तो झाला कट, लालभडक, वर तेल तरंगणारा. मग मोठी चूल पेटवून तिच्यावर मटकीचं कालवण टाकलं, कांदा, लसूण, तीळ, खोबरं, धने, सगळं यथासांग. चटणी मात्र नाही. आणि देवीपुढं पान मांडलं तेव्हा एका द्रोणात ते कालवण ठेवलं, दुसऱ्या द्रोणात कट.

गाव खवळलं. पाटील पुढं आला. ‘आईला फिकं दावतीस? गावावर मरण आणायचंय व्हय?’

गोजरा पानाला पाठ करून आडवी उभी राहिली. ती बाजूला झाली नाही. ‘फिकं न्हाई, पाटील. तिखट शेजारच्या द्रोणात हाय. आईला लागंल तेवढं ती घील. नसंल पटत तर तिनंच पान लाथाडावं. मी हितंच हुबी हाय.’

सगळे वाट बघत राहिले. तुम्हाला वाटेल, आता वीज कडाडली असेल, मूर्ती हसली असेल. तसलं काही झालं नाही. समई जळत होती तशी जळत राहिली, द्रोणावर एक माशी येऊन बसली आणि गुरवानं ती हाकलली. धगाई काही बोलली नाही. ती रागावली नाही हाच कौल, असं म्हणून गुरवानं घंटा वाजवली. नाइलाजानं लोक मागं झाले.

आता प्रसादाचं पहिलं पान मानकरणीचं. धोंडीनं आईला घोंगडीत घालून उचलून आणलं आणि खांबाला टेकवून बसवलं. नुसती कातडी आणि हाडं राहिली होती. गोजरानं भाकरी वाढली, कालवण वाढलं, मग कटाचं बोळकं घेऊन आली. पळी भरली. वाढणाऱ्या बाईनं आपल्या मापानं ओतायचं, जेवणाऱ्यानं खायचं, हीच रीत. ओतावं तर म्हातारी जेवणार नाही, आणि न ओतावं तर पान फिकं राहणार. पळी पानावर आली आणि गोजराचा हात तिथंच थांबला.

तिला आपलीच लाज वाटली. गूळ घातला, तूप घातलं, दार लोटून फसवलं, इतके दिवस ह्या बाईच्या तोंडाशी इतके खेळ केले, आणि एक साधी गोष्ट तिला विचारली नाही. ती खाली बसली, म्हातारीच्या डोळ्यांना डोळा दिला आणि म्हणाली, ‘आत्याबाई, किती घालू?’

असं त्या गावात कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं. ठकूबाईनं सुनेकडं बघितलं. मग पाटलाकडं, पंगतीकडं, आत समईच्या उजेडात देवीकडं. जिच्या मुसळाला गाव भ्यायचं, ती बाई सगळ्या गावादेखत रडली.

‘थेंबभर,’ ती म्हणाली. ‘ह्या घरात उंबरा वलांडून आले तवापासनं मला थेंबभरच पायजे हुतं गं.’

गोजरानं पळी बोळक्यात रिकामी केली आणि पळीच्या टोकाला राहिलेला एक थेंब पानात सोडला. ठकूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. पाटलाची आई, दात नसलेली म्हातारी, तिनं आपली पत्रावळ पुढं सरकवली आणि म्हणाली, ‘मला तर तेवढा बी नगं.’ पाटील तिच्याकडं बघतच राहिला. जन्मभर त्यानं आईचं नाक वाहताना बघितलं होतं आणि ते अभिमानानं वाहतंय असं समजला होता.

ठकूबाई पुढं कितीतरी जत्रा जगली. मुसळ तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. चटणी पहिल्यासारखीच जहाल कुटायची, आणि आपल्या पानात थेंबभर घ्यायची.

आजही जत्रेला कटाचं बोळकं घेऊन त्या घरातली सून पंगतीत फिरते आणि प्रत्येक पानापुढं वाकून विचारते, ‘किती घालू?’ दुसऱ्याच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही, हा इथला दंडक. आईनं लेकराचं सांगायचं नाही, नवऱ्यानं बायकोचं नाही. कुणी मधे बोललं तर ती पळी तशीच धरून उभी राहते, पानावर बसलेलं माणूस स्वतः तोंड उघडेपर्यंत. गेल्या खेपेला एका नव्या नवरीपुढं ती इतका वेळ उभी होती की मागची पंगत खोळंबली. सासरची सगळी माणसं समोर बसलेली, पोरगी मान वर करेना. कुणी घाई केली नाही. शेवटी ती बोलली, अगदी हळू, आणि तेवढंच तिच्या पानात पडलं.

चला, पानं मांडलीत. हात धुऊन या, आणि तुमच्यापुढं वाकतील तेव्हा खरं सांगा.