दौलूचा एक खाडा

"मग वस्तादकी मला का न्हाई?"

दौलत कणसेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बालेखान वस्ताद तालमीच्या पायरीवर बसून टाचेच्या भेगांना तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सोनकुरवाडीच्या तालमीत पस्तीस वर्षं पोरं घडवून वस्ताद आता थकले होते. गुडघे गेले होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं. तालीम कुणाच्या हाती सोपवायची ते दिवाळीच्या आत सांगतो, असं त्यांनी गावाला कळवलं होतं. गावाच्या मनात एकच नाव होतं. दौलतच्याही मनात तेच होतं.

"एकोणीस वर्षं झाली, वस्ताद. रोज दोन हजार बैठका. एक खाडा न्हाई."

"न्हाई."

"लग्नादिवशी हळदीच्या अंगानं मारल्या. पूर आला तवा शाळेच्या गच्चीवर मारल्या."

"व्हय."

"आई गेली त्या दिवशीबी चुकलो न्हाई. गावात दुसरा कोण हाय का असा?"

तेल चोळणारा हात थांबला.

"हाय," वस्ताद म्हणाले.

"कोण?"

वस्तादांनी वळून तालमीच्या आत पाहिलं. आत कुणी नव्हतं. लाल माती होती, मारुतीची तसबीर होती, कोपऱ्यात पाण्याचा माठ होता.

"उद्या एक खाडा कर," ते म्हणाले. "दिवस मावळंस्तवर एकबी बैठक मारायची न्हाई. मावळतीला ये आणि तालीम घे."

दौलत हसला. "एवढंच?"

"एवढंच."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मनाशी म्हणत तो घरी गेला.

*

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ठोक्याला त्याचे डोळे उघडले. पाय अंथरुणातून निघाले होते. त्यानं ते परत आत ओढून घेतले.

उजाडल्यावर तो चुलीपाशी जाऊन टेकला. शालननं, त्याच्या बायकोनं, दचकून मागं पाहिलं.

"अंगात कसकस हाय का?"

"न्हाई. आज सुट्टी."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. सकाळचा गरम चहा नवऱ्याच्या हातात द्यायची तिची ही पहिलीच वेळ. ती खुशीत आली. पदर खोचून समोर बसली आणि बोलायला लागली. भावाच्या पोरीला स्थळ आलं होतं, त्याचं काहीतरी. दौलत तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला.

"ऐकताय नव्हं?"

"हां."

"काय म्हटलं मी?"

दौलतनं कपातला चहा संपवला. एकही शब्द कानात शिरला नव्हता. ती हसली, पण कप उचलताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

नऊ वाजता त्यानं आपली पिठाची गिरणी सुरू केली. पट्ट्याला एक जुना सांधा होता. फेऱ्यागणिक तो चाकावर आपटायचा. टक... टक... टक. इतकी वर्षं त्यानं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन आली. त्यानं डबा काट्यावर ठेवला.

"किती झालं रं?"

"चारशे बारा."

"काय चारशे बारा?" म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "पायलीभर बी न्हाई ते, बाबा."

दौलतनं बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबला. पिठाचा धुरळा हळूहळू खाली बसला.

*चारशे तेरा.*

आवाज शांत होता. दमाचा, नाकातून श्वास सोडत बोलल्यासारखा. दौलतनं तळहात तोंडावर दाबला. ओठ मिटलेले होते.

*चारशे चौदा.*

त्यानं म्हातारीला डब्यासकट घरी पाठवलं आणि दाराच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. रस्त्यानं ऊसतोडीची बैलगाडी गेली. एका पोरानं हाक मारली, "काय दौलूआण्णा, खांब पाडताय काय?" तो हसायला गेला. गाडीच्या चाकाकडे बघत राहिला. चाक फिरत होतं...

*

पायाखाली माती होती.

गार, तेला-ताकात मळलेली लाल माती. वर कौलांच्या फटींतून दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यानं उतरलं होतं. मांड्या पेटल्या होत्या, छातीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. अंगावर लंगोट होता. तो कधी कसला, ते त्याला ठाऊक नव्हतं. गिरणीपासून तालमीपर्यंतची वाट त्याला आठवत नव्हती.

*अठराशे सात.*

हे आपण म्हटलं की आणखी कुणी, तेही त्याला उमगलं नाही.

समोर भिंतीला टेकून बालेखान वस्ताद बसले होते. केव्हापासून, कोण जाणे.

"वस्ताद... मी आलो न्हाई हितं."

"दिसतंय."

"मी मारत न्हाई ह्या. आईशपथ."

"मग कोण मारतंय?"

दौलतनं पायांना थांबायला सांगितलं. गुडघे वाकले. त्यानं पुन्हा सांगितलं. गुडघे ताठ झाले. एकोणीस वर्षं हे पाय आपल्या शब्दाबाहेर नाहीत, असा त्याचा तोरा होता. आता त्यांना त्याचा शब्दच कळत नव्हता.

"धरा मला! वस्ताद, धरा!"

वस्ताद जागचे हलले नाहीत.

*अठराशे अठरा.*

*अठराशे एकोणीस.*

"दौलू," वस्ताद हळूच म्हणाले. "घसा सुकलाय. पाणी दे रं जरा."

"थांबा. एकशे ऐंशी ऱ्हायल्यात, झाल्या की देतो."

शब्द तोंडातून निसटले आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

हेच शब्द तो आधी एकदा बोलला होता. शब्दाला शब्द.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आईनं अंथरूण धरलं होतं. तिला सोडून जायला नको आणि खाडाही नको, म्हणून तो तिच्या खाटेच्या पायथ्याशीच बैठका मारत होता. शालन नदीवर गेली होती. आईनं डोळे उघडून म्हटलं होतं, "दौल्या, पाणी." आणि तो म्हणाला होता, "थांब आई, एकशे ऐंशी ऱ्हायल्यात, झाल्या की देतो."

तिनं आणखी एकदा मागितलं. मग नाही मागितलं.

दोन हजार पुऱ्या करून, घाम पुसून त्यानं तांब्या भरला. ओठाला लावलेलं पाणी ओठांतच साचलं आणि गळ्यावरून खाली ओघळलं.

झोपेतच गेली, असं त्यानं गावाला सांगितलं. शालनलाही तेच सांगितलं. सांगून सांगून ते त्यालाही खरं वाटायला लागलं होतं.

"आई..."

दौलतनं अंग आडवं फेकलं. उभं झाड कोसळावं तसा तो मातीत आदळला. तोंडात, नाकात माती गेली. पाय एकदा झटकले आणि गपगार पडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याची मोजणी मधेच तुटली.

तालमीत शांतता पसरली.

*अठराशे एकवीस.*

दौलतनं मान उचलली.

तो जिथं उभा होता तिथं आता कुणी नव्हतं. मातीत त्याच्या दोन पावलांचे ठसे होते. त्या दोन ठशांवर कुणीतरी श्वास सोडत होतं. मांडीला पोटरी लागल्याचा ओला आवाज येत होता.

*अठराशे बावीस.*

ठसे किंचित खोल गेले. कडेची माती त्यांच्यात ढासळली.

"वस्ताद... तुमास्नी ऐकू येतंय?"

"चार वर्षं ऐकतोय."

"चार..."

"तू मारून घरला जातोस," वस्ताद म्हणाले. "हा जात न्हाई. काल 'हाय' म्हटलं, त्यो हाच."

दौलतचे दात वाजायला लागले. भर दुपारी, घामानं निथळत असताना, त्याला थंडी भरून आली. पळावं असं वाटलं, पण पाय उचलायचीच त्याला आता भीती वाटत होती.

"पाणी," वस्ताद पुन्हा म्हणाले.

तो कोपरांवर सरपटत माठापर्यंत गेला. पेला बुडवला. परत सरपटताना अर्धं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं त्यानं वस्तादांपुढं धरलं.

वस्तादांनी पेला तोंडाला लावला नाही. भिंतीला हात देऊन, कण्हत, एकेक गुडघा सोडवत ते उठले. मातीत उतरले. दोन्ही ठशांपाशी जाऊन वाकले आणि थोडं पाणी एका ठशात ओतलं, थोडं दुसऱ्यात. तहानलेल्याला पाजावं तसं, सावकाश.

मातीनं पाणी ओढून घेतलं.

*अठराशे ते...*

पुढचं आलं नाही.

बाहेर चिंचेवर एक कावळा ओरडला आणि उडून गेला. गावातल्या बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. तो मघापासूनच येत असणार.

दौलत मातीत कपाळ टेकून रडला. पोर रडतं तसा, नाक-तोंड एक करून. वस्ताद त्याच्या शेजारी टेकले. त्याच्या कानात गेलेली माती तेवढी अंगठ्यानं काढत राहिले.

उन्हाचे पट्टे भिंतीवर चढले.

"शालनला आज सांगतो," कितीतरी वेळानं दौलत म्हणाला. "आईचं."

"हं."

"तालीम दुसऱ्या कुणाला द्या, वस्ताद."

वस्तादांनी अंगठ्याला लागलेली माती झटकली. दौलतनं पाय पोटाशी ओढून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते.

"पण उद्या पहाटं डोळं उघडतील माझं. पाय खाली उतरतील. उद्या मी काय करू?"

"उद्या ये. दोन बैठका मार."

"दोन?"

"दोन. तिसरी तुझ्या मागनं घरला येईल. दारात उभी ऱ्हाईल."

"मग?"

वस्तादांनी पेल्याच्या तळाशी उरलेला घोट पिऊन टाकला.

"तिला म्हण... बस."