महाराजांचा ताठ गुलाब

महाराज रणधवल यांचा हुकूम निघाला: सज्जाशेजारचा वेली गुलाब यंदाच्या बहरात बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुललाच पाहिजे. मात्र त्याची एकही फांदी वाकवायची नाही. राजाचा गुलाब निशाणाच्या काठीसारखा ताठ हवा! नाही फुलला, तर केरोबा माळ्याने बागेतले घर खाली करावे.

ताठ तो होताच. सरळ वर चढला होता आणि सगळी फुले शेंड्याला, गच्चीच्याही वर. ती पाहायचा मान कावळ्यांना. सज्जात बसणाऱ्या महाराजांच्या वाट्याला नुसते काटे. दरबारी मात्र रोज म्हणत, "काटे काय तेजदार आहेत, महाराज!"

केरोबाने हाय खाल्ली. "पोरी, फांद्या आडव्या बांधल्याशिवाय जागोजागी कळ्या धरत नाहीत. आणि बांधल्या, तर हुकूम मोडला म्हणून घर जाणार."

"घर दोन्हीकडून जातंयच ना, आबा?" त्याची मुलगी हौसा म्हणाली. "मग फुलं तरी बघून जाऊ."

महाराज वाघाच्या शोधात रानात गेले. वाघाला त्यांची तेवढी ओढ नव्हती, त्यामुळे बरेच दिवस लागले. तेवढ्या दिवसांत हौसाने एकेक फांदी हलक्या हाताने वाकवून सज्जाच्या कठड्याला सुतळीने आडवी बांधली.

महाराज परतले तेव्हा कठडा दिसतच नव्हता, इतकी फुले. त्यांचा चेहरा खुलला. मग हुकूम आठवला.

"माझा गुलाब कुणी वाकवला?"

हौसा पुढे झाली. "मी, महाराज. सगळा दरबार आपल्यासमोर कमरेत वाकतो. हा एकटाच रोज तोंडासमोर ताठ उभा. मला बंडखोर वाटला. म्हणून मुजरा शिकवला."

"आणि मुजरा करताच फुलला?"

"प्रधानजींकडे बघा ना. सगळ्यांत जास्त तेच वाकतात, आणि अंगावर सोनं किती फुललंय! आपल्या राज्यात ताठ राहणाऱ्याला काटेच मिळतात, महाराज."

प्रधानांनी गळ्यातला कंठा हळूच उपरण्याखाली ढकलला. ते पाहून महाराजांना हसू आवरेना. महाराज हसले म्हणून दरबार हसला, आणि सर्वांत मोठ्याने प्रधान.

"घर तुमचंच, पिढ्यान्‌पिढ्या," महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि प्रधानजी, तो कंठा या पोरीच्या गळ्यात घाला."

हौसा उंचीने बेताचीच होती. कंठा घालायला प्रधानांना चांगलेच वाकावे लागले.