शेरा आणि जावा

जावा भाषेतला प्रोग्रॅम अचानक चालेना आणि ग्राहक बाहेर ताटकळत बसलेले. उत्कर्ष दिघे साहेब गरजले, “शरयूबाई, चूक सापडली नाही तर उद्यापासून येऊ नका.”

बाई प्रोग्रॅम ओळीओळीने वाचू लागल्या. तेवढ्यात साहेबांनी सकाळी प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या फोल्डरबद्दल मारलेला शेरा त्यांना दिसला: // पाहा D:\utkarsh

“साहेब, हा शेरा पुसू?”

“शेरा माणसांसाठी असतो. जावा तो वाचत नाही.”

बाईंनी पुसला. प्रोग्रॅम चालला.

बाई म्हणाल्या, “उलट्या तिरक्या रेघेला चिकटून u दिसला की जावा आधी त्यापुढे अक्षराचा क्रमांक शोधते, शेरा आहे का ते मागाहून बघते. तुमच्या नावात क्रमांक मिळेना, म्हणून अडली.”

“पण ते तिला उद्देशून नव्हतंच.”

“साहेब, नावच जावा. आपल्यासाठी नसलेलं जावा आधी ऐकतात.”

तीन भावांच्या एकत्र कुटुंबातले साहेब नकळत आवाज उतरवून म्हणाले, “उद्या या हं, बाई.”