हिरव्या चूर्णाचं उद्यापन

बाळांनो, आधीच सांगतो. माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं आणि मोठमोठे शब्द मला येत नाहीत. तेवढं सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मला नीट येते, कारण तिच्यातला लहानगा दिगू म्हणजे मीच.

डोंगराच्या पायथ्याशी आमचं इवलंसं कौलारू घर होतं. बाबा दूरच्या बंदरात बोटीवर कामाला होते, म्हणून घरात आई आणि मी दोघंच. आई दुसऱ्यांच्या बागेत अबोली खुडायला जायची. पेजेत भात कमी आणि पाणीच जास्त असायचं, पण ती पेज आम्ही सकाळच्या कोवळ्या उन्हात, पायरीवर बसून, लोणच्याची फोड चोखत प्यायचो. मग ओहोळाच्या काठाकाठानं बागेत चालत जायचं. वाटेत आई गाणी म्हणायची आणि केशरी फुलपाखरं आमच्या पुढे पुढे भिरभिरायची. संध्याकाळी ती शेजारच्या कौसामावशीबरोबर अंगणात फुगडी घालायची. काळोख पडला की आम्ही जेवून गुडुप झोपायचो. अजून डोळे मिटले की मला ते अंगण दिसतं.

एका बाजारच्या दिवशी चकचकीत गाडी आली. तिच्यावर भोंगा होता. आतला माणूस म्हणत होता, "अन्न म्हणजे अंगातला कचरा. सव्वा महिना जेवण सोडा, माझं हिरवं चूर्ण घ्या. अंग घासल्या तांब्यासारखं लख्ख होईल."

आईचे गुडघे तेव्हा दुखत होते. तिनं एक डबा घेतला.

आता आमच्याकडची रीत अशी, की सव्वा महिना म्हटलं की ते व्रतच. आईनं डबा देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मग चूर्ण पाण्यात ढवळून प्यायली. त्या माणसानं विकलं होतं औषध, आईनं घेतलं व्रत. औषध सोसलं नाही तर सोडता येतं. व्रत मध्येच कसं सोडायचं?

हळूहळू आईचे गाल बसले. गाणी थांबली. फुगडीसाठी हात धरला की तिला चक्कर यायची.

"यमू, आरशात बघ गो जरा," कौसामावशी म्हणाली. "दांडीवरचं लुगडं बरं, त्याला निदान रंग तरी असतो."

"अंगातली घाण निघतेय, म्हणून अशक्तपणा," आई म्हणाली. "तो म्हणालाच होता तसं."

"तो म्हणाला, आणि गेला गाडीत बसून. जेवून गेला असेल."

आई हसली, पण जेवली नाही. आणि एके दिवशी ती अबोलीच्या वाफ्यातच कोसळली. ते कळताच मामाचा निरोप आला, 'परवा येतो. यमू बरी होईपर्यंत दिगूला आमच्याकडे नेतो.' आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा बाळा. तिथं पोटभर खाशील."

मी बागेच्या टोकाला जुईच्या मांडवाखाली जाऊन रडलो. आईनं माझ्यासाठी ठेवलेलं केळं हातात होतं, पण खावंसं वाटेना. इतक्यात वरच्या पानावरून एक बारीकसा आवाज आला, "तुला नको असेल तर मला देशील?"

पानावर एक परी बसली होती. अबोलीच्या पाकळीएवढी. पंख चतुरासारखे नाजूक, पण धुरकट, विझलेले. मी केळ्याचा इवलासा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. ती दोन्ही हातांनी धरून खाऊ लागली, आणि तिच्या पंखांत रंग चढले. आधी मोरपंखी, मग गुलाबी, मग सोनेरी. तिच्याभोवती चांदीचे चिमुकले कण नाचू लागले.

"परीलासुद्धा भूक लागते?" मी विचारलं.

"मग? उपाशी पोटी कोण उडेल?" ती म्हणाली. "आता तुझी एक इच्छा माग. पण माझे नियम आहेत हं."

"माझ्या आईला आत्ताच्या आत्ता बरी कर."

"एका फुंकरीत कुणाचं अंग बदलायचं नाही, हा पहिला नियम. आणि तसं करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहायचं."

"मग तो डबा नाहीसा कर."

"कुणाचं व्रत मोडायचं नाही, हा दुसरा."

माझे डोळे पुन्हा भरले. परी माझ्या अंगठ्यावर येऊन बसली. "तुझी आई आधी कशी होती रे?" तिनं हळूच विचारलं.

मी सगळं सांगितलं. पेज, पायरी, ओहोळाची वाट, गाणी, फुगडी, लवकर येणारी झोप. परी मान हलवत ऐकत राहिली.

"ती आमचीच जादू," ती म्हणाली. "साधी दिसते ना, म्हणून कुणी ओळखत नाही."

"मग ते दिवस परत दे."

"मागचे दिवस कुणालाच देता येत नाहीत. मी फक्त उद्याचा दिवस देऊ शकते. पण त्याला तुझे हात लागले पाहिजेत, हा तिसरा नियम."

मी विचार केला. व्रत मोडायचं नाही. मग ते पुरं करायचं. आईनं सोळा सोमवार केले होते तेव्हा शेवटी काय केलं होतं? सवाष्णी जेवायला बोलावल्या होत्या, आणि त्यांच्या पंगतीला बसून स्वतः जेवली होती.

"आईच्या व्रताचं उद्यापन होऊ दे," मी म्हणालो.

परी खुदकन हसली आणि माझ्या शर्टाच्या खिशात शिरली.

मी धावत कौसामावशीकडे गेलो आणि उद्यापनाचं सांगितलं. ती म्हणाली, "सव्वा महिना व्हायचाय अजून. पण आजाऱ्याचं उद्यापन आधी केलेलं चालतं, माझ्या सासूनं केलं होतं. चल, मी सवाष्णी गोळा करते. चूल तू पेटव."

घरात मूठभर तांदूळ आणि चिमूटभर मुगाची डाळ होती. मी दोन्ही धुऊन मऊ खिचडी शिजत ठेवली. खिशातून परीनं पातेल्यावर एक सोनेरी कण टाकला. पाच बायका जेवायला बसल्या. मी वाढत गेलो, पण पातेलं काही रिकामं होईना.

आई दाराला टेकून उभी होती. "माझं व्रत अर्धं आहे गो. दोष लागेल."

"दोष लागला तर माझ्या नावावर," कौसामावशी म्हणाली. "पण पंगत बसली आणि यजमानीण उपाशी, असं उद्यापन कुणी पाहिलंय का? तू बसल्याशिवाय आम्ही घास उचलत नाही. माझं म्हातारीचं पोट कावळ्यासारखं ओरडतंय, ते पाप मात्र तुला लागेल."

बायका हात मागे घेऊन बसल्या. वाफा वर जात होत्या. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती हळूच पाटावर बसली.

"फक्त चार घास," ती म्हणाली.

"चारच," मावशी म्हणाली. "मऊ आहेत. सावकाश खा."

आई जेवली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मामाला निरोप कौसामावशीनंच धाडला, 'येऊ नकोस. पोरगा कामात आहे.'

दिवेलागणीला परी खिशातून बाहेर आली. "आई एका दिवसात बरी होणार नाही," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "उद्याचा दिवस मी दिला. परवाचा तुम्ही दोघांनी करायचा, आणि त्याच्यापुढचाही. कंटाळा आला तरी."

मग जुईच्या मांडवात हजार पणत्या एकदम लागल्यासारखा उजेड झाला. पांढरा, केशरी, गुलाबी. तो उजेड बारीक बारीक होत गेला आणि एका कळीत मिटला. पुन्हा ती मला कधी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या आधी उठलो. पेज ठेवली. ती थोडी करपली. आम्ही ती पायरीवर उन्हात बसून प्यायलो, मग मी आईचा हात धरला आणि ओहोळापर्यंत तिला चालवत नेलं. मध्ये दोनदा ती दगडावर बसली. मीही तिच्याशेजारी बसलो, आणि तिला लागलेली धाप शांत होईपर्यंत, तिचंच एक गाणं, मला येईल तसं, मी म्हणत राहिलो.